भिंतीत चढणारी ओल

मे महिन्यात जबलपूरचा पारा चाळीस अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. विहिरींची पातळी खाली जाते, अंगणातील माती तापून भेगाळते आणि वाळत घातलेले धोतर घटकाभरात खडखडीत होते. अशा दिवसांत शहरातील जुन्या घरांच्या भिंती पाहिल्या, तर एक चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडते. जमिनीपासून कमरेइतक्या उंचीपर्यंत गिलावा फुगलेला असतो. रंगाचे पोपडे सुटलेले असतात. बोट लावताच पिठासारखी पांढरी भुकटी खाली झरते आणि तिच्याआड विटेचा मऊ पडलेला लाल भाग उघडा होतो. पाऊस थांबून सात महिने लोटलेले असताना, वर्षातील सर्वांत कोरड्या काळात, ओलीने केलेली ही नासधूस का दिसावी?

जबलपूरच्या बाजारात या ओलीला 'सीलन' म्हणतात आणि त्या पांढऱ्या भुकटीला 'लोना'. मराठीत भिंतीला ओल येते आणि लोणा लागतो. नावे वेगळी असली तरी व्याधी एकच आहे. तिचे कारण समजून न घेता केलेला उपाय पुष्कळदा व्याधी वाढवितो. म्हणून प्रथम कारणाचा विचार करणे इष्ट होय.

पाणी धरून ठेवणारी भूमी

जबलपूर येथे वर्षाला सुमारे १,३०० ते १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. हे पाणी कोठे जाते, याचे उत्तर शहराबाहेरच्या शेतांत मिळते. जबलपूरभोवतालच्या काळ्या मातीच्या सपाट प्रदेशाला 'हवेली' असे नाव आहे. येथील शेतकरी शेताला चारही बाजूंनी उंच बांध घालतात, पावसाळाभर त्यात पाणी साठू देतात आणि पाऊस सरल्यावर ते सोडून देऊन गहू, हरभरा पेरतात. मातीने पोटात साठवलेल्या ओलाव्यावर पुढे रब्बीचे पीक पोसले जाते. मातीचा जो गुण पिकाला उपकारक, तोच घराच्या पायाला अपकारक ठरतो.

शहराची जुनी रचनाही पाण्याशी बांधलेली आहे. बावन्न तलाव आणि चौऱ्याऐंशी तळी अशी जबलपूरची लोकोक्ती आहे. राणीताल हे नाव गोंड राणी दुर्गावतीशी, चेरीताल तिच्या दासीशी आणि आधारताल तिचा मंत्री आधारसिंह याच्याशी परंपरेने जोडले जाते. हनुमानताल व आधारताल यांत आजही पाणी आहे. परंतु कित्येक तलाव बुजले, त्यांवर वस्ती उभी राहिली आणि तलावाचे नाव तेवढे मोहल्ल्याला उरले. सखल जागी पाणी मुरण्याची प्रवृत्ती मात्र जागेचा वापर बदलल्याने नाहीशी होत नाही.

पाणी वर चढते कसे?

पाणी उताराकडे वाहते, हे सर्वांस ठाऊक आहे. तरीही समईची वात तेल वर ओढते आणि टीपकागद शाई शोषतो. बारीक पोकळीच्या भिंतींशी द्रवाचे जे आकर्षण असते, आणि द्रवाच्या पृष्ठभागावर जो ताण असतो, त्यांच्या योगाने द्रव वर खेचला जातो. या क्रियेला केशाकर्षण म्हणतात. केसासारख्या सूक्ष्म नळीत ती ठळकपणे दिसते म्हणून हे नाव पडले. नळी जितकी बारीक तितके पाणी उंच चढते, हा नियम इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स ज्युरिन यांनी १७१८ च्या सुमारास मांडला. एक मिलिमीटर व्यासाच्या स्वच्छ काचनळीत पाणी सुमारे ३ सेंटिमीटर चढते; व्यास दशांश केला तर सुमारे ३० सेंटिमीटर; आणखी दशांश केला तर सुमारे ३ मीटर.

भाजलेली वीट ही अशा असंख्य वेड्यावाकड्या नळ्यांचा पुंज आहे. भारतीय मानकाप्रमाणे साधी वीट चोवीस तास पाण्यात बुडवली असता तिने स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये, अशी मर्यादा आहे. म्हणजे तीन किलोग्रॅमची चांगली वीटदेखील अर्धा लिटरहून अधिक पाणी सहज पोटात घेऊ शकते. याउलट मदनमहालच्या टेकडीवरील ग्रॅनाइट जवळजवळ पाणी शोषतच नाही. परंतु घराचे जोते ग्रॅनाइटचे असले म्हणून ओलीची वाट बंद होते असे नव्हे. दोन दगडांमधील चुन्याचा वा मातीचा दर्जा तिला वाट करून देतो.

मातीची वस्तू ओल शोषेल की नाही, हे तिच्या भाजण्यावर अवलंबून असते, याचाही दाखला जबलपूरनेच दिला आहे. येथील पांढरी माती चिनी मातीच्या कामासाठी प्रसिद्ध झाली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी बर्न आणि कंपनीचा मातीकामाचा कारखाना येथे चालू होता. उच्च उष्णतेवर भाजून वरून काचेसारखी झिलई चढवलेल्या मोरीच्या नळातून पाणी पाझरत नाही. साधी वीट तशी नसते, कारण तिची रंध्रे उघडी राहिलेली असतात.

चढाव आणि उडणे यांचा तोल

विटेची रंध्रे इतकी सूक्ष्म असतात की, निव्वळ ज्युरिनच्या नियमाने पाहिले तर ओल कित्येक मीटर चढावयास हवी. प्रत्यक्षात ती बहुधा मीटरभराच्या आत थांबते. याचे कारण असे की, खालून पाणी चढत असतानाच भिंतीच्या पृष्ठभागावरून ते वाफ होऊन उडत असते. ओल जितकी उंच जाते तितका उडण्याचा पृष्ठभाग वाढतो आणि शेवटी जेवढे पाणी चढते तेवढेच उडून जाते. त्या उंचीवर ओलीची रेषा स्थिर होते. क्रिस्टोफर हॉल आणि विल्यम हॉफ या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये हा तोल गणिताने मांडून दाखविला.

त्यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, भिंत जाड असेल तर ओल अधिक उंच जाते, कारण आतून येणारे पाणी पुष्कळ आणि उडण्याचा पृष्ठभाग तेवढाच राहतो. दुसरी गोष्ट व्यवहाराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. पाणी उडण्याचा वेग निम्म्यावर आणला, तर ओलीची उंची सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढते. भिंतीच्या दोन बाजूंपैकी एक बाजू पाणी व वाफ न जाणाऱ्या लेपाने बंद केली म्हणजे नेमके हेच घडते. सत्तर सेंटिमीटरवर थांबलेली ओल मीटरभर उंचीवर जाऊन पोहोचते. लेप लावणाऱ्याला वाटते, ओल झाकली गेली; वस्तुतः तिला वर चढण्यास शिडी दिली गेली.

शाळेतील विद्यार्थ्यांना हा तोल सहज पाहता येईल. टीपकागदाच्या दोन सारख्या लांब पट्ट्या घ्याव्यात. एक उघडी टांगावी, दुसरी काचेच्या नळीत घालून नळीचे वरचे तोंड बंद करावे, आणि दोहोंची खालची टोके मीठ घातलेल्या पाण्यात बुडवून ठेवावीत. आच्छादलेल्या पट्टीत पाणी अधिक उंच चढलेले आढळेल. उघड्या पट्टीच्या ओलसर भागाच्या वरच्या कडेला मात्र काही दिवसांनी पांढरे स्फटिक जमतील. या स्फटिकांतच मे महिन्यातील कोड्याचे उत्तर आहे.

खरा शत्रू क्षार

जमिनीतील पाणी शुद्ध नसते. त्यात मीठ, सल्फेटे आणि नायट्रेटे विरघळलेली असतात. जुन्या वस्तीत गोठे, उकिरडे आणि मोऱ्या यांच्यामुळे नायट्रेटांचा अंश विशेष असतो. जुन्या भिंतींवरील व पडक्या जागेतील माती खरवडून पूर्वी सोरा काढीत असत, तो याच कारणाने. भिंतीतून पाणी उडून जाते, पण क्षार मागे राहतात. दरवर्षी थोडे थोडे असे ते वर्षानुवर्षे साठत जातात.

पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा क्षार विरघळलेल्या स्थितीत राहतात. भिंत ओली दिसते, पण ती फारशी झडत नाही. उन्हाळ्यात पाणी वेगाने उडते आणि क्षारांचे स्फटिक बनतात. स्फटिक पृष्ठभागावर बनले तर ती निरुपद्रवी भुकटी झाडून टाकता येते. गिलाव्याच्या पाठीमागे किंवा विटेच्या रंध्रात बनले, तर वाढत्या स्फटिकाच्या दाबाने रंध्राची भिंत फुटते. सोडियम सल्फेट या बाबतीत विशेष उपद्रवी आहे. त्याचा कोरडा स्फटिक पाणी धरून जलयुक्त होतो, तेव्हा त्याचे आकारमान तिपटीहून अधिक होते, आणि हा पालट सुमारे बत्तीस अंश सेल्सिअसच्या आसपास घडतो. जबलपूरचा उन्हाळा या अंकाच्या वर आणि हिवाळा त्याच्या खाली असल्यामुळे ऋतुचक्र जणू भिंतीला पुनःपुन्हा पिळून काढते.

तात्पर्य, ओल पावसाळ्यात मुरते आणि तिची किंमत उन्हाळ्यात मोजावी लागते.

कटनीचा चुना आणि कटनीचे सिमेंट

जबलपूरच्या उत्तरेस कटनी येथे चुनखडीचे मोठे साठे आहेत आणि तेथील चुन्याच्या भट्ट्या प्रसिद्ध आहेत. याच कटनीत १९१५ च्या सुमारास, भारतातील अगदी आरंभीच्या सिमेंट कारखान्यांपैकी एक सुरू झाला. एकाच खनिजापासून हे दोन पदार्थ होतात, पण त्यांचा स्वभाव अगदी भिन्न आहे. चुनखडी सुमारे नऊशे अंशांवर भाजली की कळीचा चुना मिळतो. तो विरवून, मळून लावला म्हणजे हवेतील कर्बवायू शोषून हळूहळू घट्ट होतो, परंतु त्याची रंध्रे मोकळी राहतात. चुनखडी आणि चिकणमाती एकत्र करून चौदाशे अंशांहून अधिक उष्णतेवर भाजली की सिमेंट होते. त्याचा गिलावा टणक व दाट असतो आणि त्यातून वाफ फार सावकाश जाते.

जबलपूरची जुनी बांधणी विटा आणि चुन्याची आहे. आज उच्च न्यायालय जिच्यात आहे ती १८८९ मधील इमारत याच पद्धतीची होय. चुन्याच्या भिंतीत आलेली ओल पृष्ठभागावरून निघून जाते आणि क्षार बऱ्याच अंशी गिलाव्यात जमतात. काही वर्षांनी गिलावा झडला की तो काढून नवा करावा लागतो. वीट मात्र वाचते. चुन्याचा गिलावा स्वतः झिजून विटेचे रक्षण करतो. पुढे दुरुस्तीच्या वेळी 'आता मजबूत काम करू' म्हणून त्या जागी सिमेंटचा गिलावा चढविला जातो, त्यावर तेलरंग किंवा चिनी मातीच्या फरशा बसविल्या जातात. वर्ष दोन वर्षे भिंत सुरेख दिसते. मग फरशांच्या वरच्या कडेला, पूर्वी कोरडा असलेल्या भागात, ओलीची नवी रेषा उमटते. गिलावा टिकतो आणि त्याच्यामागील वीट कुजते.

चुन्यात विटांची सुरखी मिसळण्याची आपल्याकडील जुनी पद्धतही शहाणपणाची आहे. सुरखीमुळे चुना ओलाव्यातही घट्ट होतो. रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस याने दोन हजार वर्षांपूर्वी हाच सल्ला दिला होता: तळमजल्यावर जमिनीपासून तीन फुटांपर्यंत पहिल्या थरात वाळूऐवजी भाजलेल्या विटांचा चुरा वापरावा, आणि भिंत फारच ओली असेल तर आतून अंतर सोडून दुसरी पातळ भिंत बांधून मधल्या पोकळीला बाहेर वारा जाण्यास तोंडे ठेवावीत. ओलीला कोंडू नये, तिला वाट द्यावी, हे तत्त्व त्याला उमगले होते.

प्रश्न केवळ शोभेचा नाही

ओल्या भिंतीचा विषय रंगसफेतीपुरता मर्यादित मानणे चूक ठरेल. २२ मे १९९७ रोजी पहाटे जबलपूरला ५.८ परिमाणाचा भूकंप झाला. तीसहून अधिक माणसे दगावली आणि हजारो घरांची हानी झाली. दर्ज्यात माती वापरलेल्या विटांच्या घरांना मोठा फटका बसला. त्या हानीचे कारण भूकंप होता, ओल नव्हे. परंतु भिंत हादरा सहन करते ती विटांना धरून ठेवणाऱ्या दर्ज्याच्या बळावर, आणि मातीचा दर्जा भिजला की त्याचे बळ झपाट्याने घटते. क्षारांनी पोखरलेला चुनाही भुगा होतो. भिंतीचा सर्वांत जास्त भार जेथे येतो तो पायथ्याचा भागच ओल पोखरीत असते, हे विसरता कामा नये.

दुसरा प्रश्न आरोग्याचा. दमट घरांत राहणाऱ्यांना श्वसनाचे विकार व दमा यांचा धोका अधिक असतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मधील मार्गदर्शिकेत स्पष्ट केले आहे. तिसरा प्रश्न ग्रंथांचा. ओल्या भिंतीला टेकलेल्या कपाटात पुस्तकांना बुरशी येते आणि वाळवीला हवा तो ओलावा मिळतो. ग्रंथालयातील कपाटे बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ठेवणे व मागून वारा खेळू देणे, ही बिनखर्चाची दक्षता आहे.

आधी निदान, मग उपचार

प्रत्येक ओल जमिनीतूनच आलेली असते असे नाही. डाग छतापासून खाली उतरत असेल तर गच्ची किंवा कौले तपासावीत. डाग एकाच जागी गोल पसरत असेल आणि ऋतूप्रमाणे बदलत नसेल, तर फुटका नळ शोधावा. बाहेरून पावसाचे शिंतोडे बसत असतील, तर डाग पावसाळ्यात वाढतो आणि नंतर ओसरतो. जमिनीतून चढणारी ओल पायथ्याशी सर्वाधिक असते, वर जाताना कमी होत जाते, आणि तिच्या वरच्या कडेला क्षारांची आडवी रेषा असते.

विजेवर चालणारी ओलमापके क्षारांमुळे फसतात, कारण क्षारयुक्त भिंत कमी ओली असूनही वीज अधिक वाहून नेते. खात्रीचा मार्ग वजनाचा आहे. वेगवेगळ्या उंचीवर भिंतीत सावकाश छिद्र पाडून मिळालेला भुगा लगेच घट्ट झाकणाच्या डबीत भरावा, तोलावा, १०५ अंशांवर वाळवून पुन्हा तोलावा. वजनातील घट म्हणजे पाण्याचा अंश होय. हा अंश खालून वर क्रमाने कमी होत गेला, तर ओल जमिनीतून येत आहे असे समजण्यास आधार मिळतो.

उपचारांचा क्रम

पहिला उपचार घराबाहेर करावयाचा. पन्हाळीचे पाणी पायाशी पडू न देता दूर न्यावे. घराभोवतीच्या जमिनीला बाहेरच्या दिशेने उतार द्यावा. गळके नळ आणि तुंबलेल्या मोऱ्या दुरुस्त कराव्यात. रस्त्यावर थरावर थर चढत गेल्याने जुन्या घराचे जोते जमिनीत गाडले जाते. तेथे भिंतीलगतची भर काढून जोते उघडे करावे. पुष्कळ घरांत एवढ्यानेच ओलीची रेषा खाली येते.

दुसरा उपचार भिंतीला श्वास देण्याचा. बाधित भागाच्या वर हातभर उंचीपर्यंतचा सिमेंटचा गिलावा व तेलरंग जपून काढावा, दर्जा खरवडावा, क्षार कोरड्या कुंचल्याने झाडून बाहेर नेऊन टाकावेत. पाण्याने धुऊ नये. धुतल्याने ते पुन्हा आत जातात. क्षार फार असतील तर कागदाच्या लगद्यात चिकणमाती कालवून तिचा ओला लेप द्यावा. वाळताना तो क्षार ओढून घेतो. नंतर चुना व सुरखीचा गिलावा करून वर चुन्याची सफेदी द्यावी.

तिसरा उपचार ओलीची वाट तोडण्याचा. नव्या घराच्या बाबतीत हे काम सोपे आणि स्वस्त असते. जोते सभोवतालच्या जमिनीहून किमान ४५ सेंटिमीटर उंच ठेवून, त्यावर सुमारे ४ सेंटिमीटर जाडीचा, एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू व चार भाग खडी या प्रमाणाचा थर द्यावा आणि तो वाळल्यावर गरम डांबर फासावे. हा थर भिंतीच्या संपूर्ण रुंदीवर अखंड असला पाहिजे. चार विटांइतकी जागा सुटली तरी ओल तेथून चढते. जुन्या भिंतीत असा थर नसल्यास ती हातभर लांबीच्या टप्प्यांनी कापून थर सरकवता येतो, किंवा सांध्यात ओळीने छिद्रे पाडून जलविरोधी रसायन भरता येते. दगडगोट्यांच्या जाड भिंतीत हे रसायन सर्वत्र पोहोचेलच असे नाही, म्हणून हा उपाय जाणकाराच्या देखरेखीखालीच करावा.

चौथी गोष्ट उपचार नसून धीर आहे. ओलीची वाट तोडल्यावरही भिंतीत मुरलेले पाणी एकाएकी जात नाही. दर महिन्याला साधारण अडीच सेंटिमीटर जाडी वाळते असा स्थूल हिशेब आहे. त्यानुसार पस्तीस सेंटिमीटरच्या भिंतीला वर्षाहून अधिक काळ लागतो. तोवर तिच्यावर तेलरंग किंवा फरशी बसविण्याची घाई केली, तर सर्व श्रम व्यर्थ जातात.

हवेलीचा शेतकरी पावसाचे पाणी बांधात अडवितो, पण पेरणीपूर्वी त्याला वाट करून देण्यास विसरत नाही. घर बांधणाऱ्याने आणि दुरुस्त करणाऱ्याने एवढेच ध्यानात ठेवावे की, पाण्याला पायाशी अडवावे, आणि जे भिंतीत शिरले त्याला बाहेर जाण्याची वाट मोकळी ठेवावी.